डिकीतली नळी

कालव्यावरच्या उचलत्या पुलापलीकडे, चढणीवर, माझं गॅरेज.
नोव्हेंबरात क्लेटन ब्रूसो आला, म्हणाला,
"मागचं उजवं जरा बसल्यासारखं वाटतंय, लेम्पी.
पण दिवा काही लागला नाही."

त्या दिव्यावर त्याचा भारी जीव.
तीन वर्षांपूर्वी गाडी जुनी घेतली
तेव्हापासून एकदाही लागलेला नाही,
हे तो अशा थाटात सांगतो
की जणू घरात कुणाला कधी पडसंही झालेलं नाही.

गेज लावला. सतरा.
टायर कसला, पाव.

चाकं बाहेरची, काळी, दहा आऱ्यांची,
आधीच्या मालकाची हौस.
मशीनवर चढवून कड सोडवली, आत बोट फिरवलं.
व्हॉल्व्हच्या बुडाशी आगपेटीएवढा सेन्सर असायचा
तिथे नुसतंच रबर आणि थोडा गंज.
दुसऱ्यात तेच.
तिसऱ्यातही.
चौथं उघडायच्या आधी कळलं होतं,
तरी उघडलं. पैसे घ्यायचे तर बघायला हवं.

मग इतके दिवस गाडीशी बोलत कोण होतं?

डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात,
कुत्र्याच्या केसांनी भरलेल्या घोंगडीखाली
एक पांढरी नळी. मोरीच्या कामाची, हातभर लांब.
दोन्ही तोंडं टोपणं चिकटवून बंद,
एका टोपणाला व्हॉल्व्ह.
हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. चार.
गेज लावला. एकेचाळीस!
पस्तीस पुरे होते.
करणाऱ्याने हिवाळ्याचाही हिशेब धरलेला.

मी तिथेच डिकीच्या काठावर बसले.
चार सेन्सर, एका अंधारात, एकमेकांवर आपटत,
तीन वर्षं एकच निरोप धाडत होते:
ठीक आहे, ठीक आहे, चारही बाजूंनी ठीक आहे.
खिळा गेला तेव्हा ठीक,
खाणीच्या रस्त्यावर रिम वाकली तेव्हा ठीक,
सतरावर ठीक.
खोटं एकही बोलत नव्हते. त्यांच्यापुरती हवा खरीच होती.

क्लेटनला म्हटलं, चावी फिरव, इंजिन नको, दिव्याकडे बघ.
आणि व्हॉल्व्हची सुई दाबली.
नळी फुसकारली, बराच वेळ.
कुणाच्या तरी जुन्या उन्हाळ्याची हवा, डिंकाचा वास असलेली.
पुढून त्याचा आवाज आला, बारीक:
"लागला."

नवे मागवले. धातूच्या देठाचे या रिमला बसेनात,
पोट घासत होतं, म्हणून रबरी देठाचे.
टायर चढवताना व्हॉल्व्ह सात वाजता धरायचा,
नाहीतर कड पहिली त्याच्याच डोक्यावर येते.
हे मी दोन मोडून शिकले, दोन्ही माझ्या खर्चाने.
मग गाडीला ओळखी करून दिल्या:
पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं.
दर चाकाला तिने हॉर्न दिला,
हजेरी घेणाऱ्या मास्तरीणबाईंसारखा.

जानेवारीत, उणे बावीसच्या सकाळी,
साडेसहाला फोन.
"लागलाय," क्लेटन म्हणाला. "तू लावलेस, आणि आता लागलाय."
मी सांगितलं, थंडी आहे.
दहा अंश उतरले की पौंडभर हवा आकसते.
टायर बरे आहेत, भरून घे, विझेल.

तो काही बोलेना. मागे इंजिन गुरगुरत होतं,
काचेवरचं बर्फ कुणीतरी खरवडत होतं,
त्याची बायको असावी.

"ती नळी," तो म्हणाला, "टाकलीस का गं?"

"टाकली."

समोर फळीवर होती.
मी ती मधोमध कापलीय.
एका अर्ध्यात वेल्डिंगच्या कांड्या,
दुसऱ्याला अजून काही सुचलेलं नाही.